ड्राफ्टिंग फिल्मवर पेन्सिल, तीही पावसाळ्यात

गोव्यात जून लागला की चित्राचा कागद पापडासारखा सादळतो. ड्राफ्टिंग फिल्म म्हणजे नकाशे-आराखडे काढायचा धूसर, अर्धपारदर्शक प्लास्टिकचा ताव; ती पॉलिएस्टरची, ओल पीत नाही. पण घामेजलेला तळहात टेकला की तेलकट डाग बसतो आणि नेमकी तिथेच पेन्सिल धरत नाही. म्हणून हाताखाली बटर पेपरचा तुकडा ठेवाच.

फिल्मची मॅट, म्हणजे खरखरीत बाजू पेन्सिलचं शिसं खरवडून घेते, त्यामुळे २एच, ४एचसारखी कडक पेन्सिलसुद्धा चांगली गडद उमटते. मऊ ४बीच्या मोहात पडू नका, नुसती काजळी पसरते. रंगीत पेन्सिलचे दोन-तीन थरच बसतात, पुढे मेण घसरायला लागतं. तेव्हा सुरुवातीलाच टोकदार पेन्सिलने ठाम रंग द्या.

खरी गंमत फिल्मच्या पाठीमागे. दोन्ही बाजूंनी मॅट असलेली फिल्म घ्या. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतलं घर काढताय? निळी भिंत मागून रंगवा, खिडकीचे गज आणि कौलांच्या रेघा पुढून ग्रॅफाइटने, म्हणजे साध्या पेन्सिलने. रंग जरा धूसर दिसतो, रेघ मात्र स्वच्छ राहते, कारण शिसं रंगात कालवलंच जात नाही. खाली पांढराशुभ्र कागद सरकवला की भिंत एकदम उजळते.