बिजिन-गा विकत घेताना आणि लावताना या चुका टाळा

बिजिन-गा म्हणजे सुंदर स्त्रियांची जपानी चित्रं, बहुतेक लाकडी ठोकळ्यांनी छापलेली. त्यात भरजरी किमोनो दिसला की ‘गेइशा’ (गाणं-नाच करून मनोरंजन करणारी कलावंत) म्हणून मोकळं व्हायचं, ही नवख्यांची ठरलेली चूक. विक्रेतेही तेच लिहितात, त्या नावावर माल खपतो. आधी ओबीची गाठ बघा. कमरेचा हा रुंद पट्टा पुढे बांधलेला आणि डोक्यात कंगवे-काट्यांची गर्दी असेल, तर ती बहुधा योशिवाराची, म्हणजे एदो (आजचं टोकियो) शहरातल्या वेश्यावस्तीची ओइरान, वरच्या दर्जाची गणिका. गेइशाची गाठ मागे असते. अर्थात मागे गाठ म्हणजे गेइशाच, असंही नाही. बिजिन-गासाठी प्रसिद्ध असलेल्या चित्रकार उतामारोचं 1793च्या सुमाराचं तीन सुंदरींचं चित्र ‘तीन गेइशा’ म्हणून खपवलं जातं. गेइशा त्यात एकटी तोयोहिना. ओकिता आणि ओहिसा चहाच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली. चेहरे जवळपास सारखेच, म्हणून कपड्यांवरची चिन्हं शोधा: ओकिताचं पाउलोनिया, ओहिसाची ओकची तीन पानं, तोयोहिनाचं प्रिमरोज.

सही वाचता आली म्हणून खिशात हात घालू नका. उतामारो 1806मध्ये गेला. पुढे त्याच्या शिष्यानेही तेच नाव लावलं, शिवाय मेइजी काळात (1868–1912) नवे ठोकळे कोरून सहीसकट प्रती निघाल्या. झगझगीत अ‍ॅनिलीन जांभळा दिसला तर छपाई 1860च्या आधीची नाही. दहापट भिंगाखाली जाळीदार ठिपके दिसले तर चित्र ठोकळ्याचं नव्हेच, ऑफसेटचं.

खरं नुकसान फ्रेमवाल्याकडे होतं. तो सवयीने पांढरा गोंद फासून चित्र पुठ्ठ्याला चिकटवतो आणि कडा ‘सरळ’ करतो. ओबान आकाराचा कागद साधारण 39 बाय 26 सेंटिमीटर. कापला की किंमत घसरलीच. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. मग घाईघाईने ओला बोळा फिरवतात आणि वनस्पतिजन्य रंग पसरतात. त्सुयुकुसा या रानवनस्पतीच्या फुलांचा निळा तर फार नाजूक, नुसत्या ओलाव्यानेही जातो. चिकटलेलं चित्र घरी सोडवू नका, कागद-संवर्धकाकडे न्या.

आम्लरहित बोर्ड स्वतः नेऊन द्यावा. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. बाकी तिन्ही कडा मोकळ्या. सेलोटेप अजिबात नको. चित्र काचेला टेकू नये, मध्ये माउंट हवा. प्रकाश 50 लक्सच्या आत, तोही वर्षातून काही महिनेच. करडईचा लाल उन्हात फार लवकर उडतो.