सर्चमध्ये नवीन वर आणायचंय? आधी बिनतारखेचे कागद मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं आता पुण्या-बेंगळुरात सर्चच्या कामाला लागायलीत, म्हणून लिहितोय. इलास्टिकसर्च (सर्च इंजिन) आणि बीएम२५ (शब्द किती जुळतात त्यावरून कागदाला स्कोअर द्यायची पद्धत) तुम्हाला येतच असणार. "नवीन डॉक्युमेंट वर आण" हे काम लवकरच अंगावर येतं आणि ऐकायला किरकोळ वाटतं.

तारखेनं सरळ सॉर्ट करू नका, कालची बिनकामाची नोटीस वर येऊन बसते. फंक्शन स्कोअरमध्ये, म्हणजे मूळ स्कोअर आपल्या सूत्रानं बदलायच्या सोयीत, डिके लावा, म्हणजे कागद जुना होईल तसा आकडा १ वरून घटत जातो. पण गॉस (घंटेच्या आकाराची घट) घेऊन स्केल, म्हणजे आकडा निम्मा व्हायचं अंतर, ३० दिवस ठेवलं की ३० दिवसांच्या कागदाला ०.५ आणि ६० दिवसांच्याला थेट ०.०६२५, वर डीफॉल्टनं हा आकडा मूळ स्कोअरला गुणला जातो, म्हणजे जुनं मेलंच. उसाच्या एफआरपीला चालेल एकवेळ, तो दर हंगामाला नवा जाहीर होतो. पण सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग शोधणाऱ्याला १९६७ चा अहवालच पाहिजे की, काल कुणी ठोकलेलं भाषण कशाला?

आता खरा खड्डा, इथं मी लई दिवस डोकं आपटलंय. ज्या डॉक्युमेंटला तारीखच नाही त्याला डिके फंक्शन १ देतं. १ म्हणजे आजचं, ताजं! स्कॅन करून ढकललेले जुने कागद, ज्यांची तारीख कुणी भरलीच नाही, ते सगळे वर, आणि एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. मग वाटतं डिकेला एक्झिस्ट्स फिल्टर (तारीख असलेल्या कागदालाच लागू) लावू, तर तेवढ्यानं पण होत नाही, कारण एकही फंक्शन जुळलं नाही तर परत १ च धरतं. परत सांगतो, फिल्टर एकटा पुरत नाही. सोबत वेट १ चं (सरसकट १ देणारं) एक बिनफिल्टरचं फंक्शन ठेवा आणि स्कोअर मोड सम करा, म्हणजे फंक्शनांच्या आकड्यांची बेरीज होते. मग आजच्याला २, बिनतारखेच्याला १, आणि १९६७ पण १ च्या खाली जात नाही.

सीनियर म्हणेल, "बूस्ट (नव्याला द्यायचं वजन) वाढव की अजून." असल्या गुरूपासून लांब राहा. आकडा वाढवून आजचा प्रश्न उद्यावर जातो फक्त. एक्सप्लेन (स्कोअर कसा आला ते दाखवणारी सोय) चालू करून कुठल्या कागदाला काय मिळालंय ते बघायला तासभर लागतो, घाबरायचं काही नाही त्यात, गणित शाळेतलंच आहे.

सोलर (Solr) हे दुसरं सर्च इंजिन वापरणाऱ्यांचं उलटं, तिथं तारीख नसली की १९७० धरून कागद तळाला जातो.