दूरशिक्षणाची नर्सिंग पदवी आणि अमेरिकेतली राज्यं: फी भरण्याआधी काय तपासायचं

भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या जोडीदारासोबत, अमेरिकेत आलेल्यांना पहिल्या काही महिन्यांतच एक सल्ला हमखास मिळतो: घरबसल्या ऑनलाइन कोर्स करा आणि आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण मुख्य गोष्ट त्यातून निसटते. इथे नर्सचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. प्रत्येक राज्याचं स्वतःचं नर्सिंग बोर्ड आहे. एनक्लेक्स ही परीक्षा देशभर एकच असली, तरी तुम्हाला तिला बसू द्यायचं की नाही हे बोर्डच ठरवतं. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी एका राज्यात विनातक्रार चालते आणि शेजारच्या राज्यात अर्जच नामंजूर होतो.

आपल्या लोकांना याचा फटका जास्त बसतो, कारण आयटीतलं बिऱ्हाड एका जागी थांबत नाही. आज न्यू जर्सी, दोन वर्षांनी डॅलस, मग प्रोजेक्ट बदलला की बे एरिया. त्यामुळे 'इथे चालेल का' एवढंच विचारून भागत नाही. पुढे जिथे जाण्याची शक्यता आहे तिथेही चालेल का, हे आधी विचारायला हवं.

कोणता कोर्स अडतो, कोणता अडत नाही

दोन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट 'ऑनलाइन नर्सिंग' म्हणतात. आरएनचा परवाना हातात असलेल्या नर्सने पुढे बी.एस.एन. (नर्सिंगची पदवी) किंवा एम.एस.एन. (पदव्युत्तर पदवी) ऑनलाइन केलं, तर आरएनच्या परवान्याला सहसा धक्का लागत नाही, कारण तो आधीच्या शिक्षणावर मिळालेला असतो. (एम.एस.एन. करून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा, आणि त्याला पुन्हा राज्याचे नियम आहेत.) अडचण येते ती परवान्याआधीच्या कोर्सला, म्हणजे ज्या पदवीच्या आधारावर तुम्ही पहिल्यांदा एनक्लेक्स देणार त्या कोर्सला. एलपीएनचे (आरएनच्या खालच्या पायरीवरच्या परवानाधारक नर्सचे) आरएन होण्यासाठी असलेले ब्रिज कोर्स याच गटात मोडतात. एलपीएनला कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये एलव्हीएन म्हणतात, माणूस तोच.

बोर्डाचा आक्षेप नेमका कशाला असतो

लेक्चर संगणकावर ऐकलं याला फारसं कोणी हरकत घेत नाही. हरकत असते ती प्रात्यक्षिकाला: रुग्णाजवळ उभं राहून, शिक्षकाच्या देखरेखीखाली किती तास काम केलं?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या एक्सेल्सियरचं. आधीचं नाव रीजंट्स कॉलेज, 2001 पासून एक्सेल्सियर कॉलेज आणि 2022 पासून एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी. आधीच एलपीएन, पॅरामेडिक वगैरे म्हणून काम करणाऱ्यांसाठी त्यांचा असोसिएट पदवीचा कोर्स होता. विषय घरी शिकायचे, आणि शेवटी ठरलेल्या हॉस्पिटलात शुक्रवार ते रविवार अशी प्रत्यक्ष रुग्णांवर घेतली जाणारी कठीण परीक्षा द्यायची. कौशल्य आहे की नाही हे परीक्षेतून तपासलं, मग तास कशाला मोजायचे, ही त्यामागची भूमिका. अनेक राज्यांनी ती मान्य केली. कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने केली नाही. 6 डिसेंबर 2003 रोजी किंवा त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना त्या पदवीवर कॅलिफोर्नियात आरएनचा परवाना मिळत नाही. दुसऱ्या राज्यात परवाना काढून, वर्षानुवर्षं आयसीयूत काम करून आलेल्या नर्सलाही हाच नियम लागू होतो. लोक चुकतात ते इथे. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात नेण्याला 'एंडॉर्समेंट' म्हणतात. त्यात एनक्लेक्स पुन्हा द्यावी लागत नाही, पण शिक्षणाची तपासणी माफ होते असं समजू नका.

सगळी राज्यं दार बंद करत नाहीत. व्हर्जिनियात आरएनच्या कोर्समध्ये किमान 500 तास प्रत्यक्ष रुग्णसेवा असावी लागते. तेवढे तास नसलेल्या कोर्सची नर्स दुसऱ्या राज्याच्या स्वच्छ, चालू परवान्यावर किमान 960 तास काम केल्याचा पुरावा देऊन पात्र ठरू शकते. म्हणजे पूर्णवेळ नोकरीचे साधारण सहा महिने. जॉर्जियाने कायद्यातच 'अपारंपरिक नर्सिंग शिक्षण' अशी वेगळी वर्गवारी केली आहे आणि त्या पदवीधरांकडून, आधीच्या अनुभवानुसार, काही शे तासांची देखरेखीखालची प्रिसेप्टरशिप, म्हणजे अनुभवी नर्सच्या (प्रिसेप्टरच्या) हाताखालचं काम, मागितली जाते. ती देणारं हॉस्पिटल शोधणं हेच तिथे मोठं काम होऊन बसतं.

कॅलिफोर्नियाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण आपली वस्ती तिथे दाट आहे. तिथल्या मान्यताप्राप्त कोर्सनाही आता कायद्याने किमान 500 तास थेट रुग्णसेवा लागते, आणि मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य, वृद्धसेवा या प्रत्येक विभागात किमान 30 तास. शिवाय एखाद्या विषयाचा सिद्धान्त आणि त्याचं प्रात्यक्षिक एकाच काळात झालेलं असावं असा तिथला नियम आहे. हा नियम दूरशिक्षणवाल्यांइतकाच भारतातून शिकून आलेल्यांनाही नडतो. मानसिक आरोग्याचा पेपर एका वर्षी आणि वॉर्डातली पोस्टिंग पुढच्या वर्षी झाली असेल, तर एकूण तास भरपूर असूनही बोर्ड तेवढा भाग अपुरा ठरवू शकतं. मग तो विषय कॅलिफोर्नियातल्या मान्यताप्राप्त कॉलेजात पुन्हा करावा लागतो, आणि अशा एकेकट्या विषयाला जागा मिळणं अवघड असतं. जुन्या जीएनएम अभ्यासक्रमात पुरुष विद्यार्थ्यांना प्रसूतीऐवजी दुसरा विषय असे. त्यांनी ही उणीव धरूनच पुढचा हिशेब करावा.

आधी हे पाहा: तुम्हाला नवा कोर्स खरंच लागतो का

जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या अनेक जणी इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतात. बऱ्याचदा त्याची गरजच नसते. तुमचं भारतातलं शिक्षण तपासून घ्या आणि थेट एनक्लेक्ससाठी अर्ज करा. तपासणीचं काम बहुतेक राज्यं सीजीएफएनएस या संस्थेवर सोपवतात, तिचं नाव आता ट्रूमेरिट झालं आहे. कॅलिफोर्नियाचं बोर्ड कागद स्वतः तपासतं.

इग्नूमधून दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. ती पदवी नोकरी करणाऱ्या, जीएनएम झालेल्या नर्ससाठी असते. इथे परवान्यासाठी तुमचं पहिलं व्यावसायिक शिक्षण पाहिलं जातं, म्हणजे जीएनएम. सिद्धान्ताचे आणि वॉर्डचे तास तिथूनच मोजले जातात. फक्त इग्नूची कागदपत्रं पाठवून जीएनएमची पाठवली नाहीत, तर फाइल अर्धवट म्हणून पडून राहते. दोन्ही पाठवा, पण जीव जीएनएमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये आहे.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिका नव्हे. प्रत्येक विषयाचे सिद्धान्ताचे तास, प्रात्यक्षिकाचे तास आणि शक्यतो तारखा त्यात हव्यात, आणि ती संस्थेकडून थेट तपासणी संस्थेकडे जायला हवी. तुम्ही स्वतः पाठवलेली प्रत धरत नाहीत. बी.एस्सी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर कॉलेज आणि विद्यापीठ दोघांशी बोलावं लागतं. नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून वेगळी जाते, त्यामुळे तिथली नोंदणी लॅप्स होऊ देऊ नका. सुट्टीत भारतात जाणार असाल तर फॉर्म छापून सोबत न्या आणि कॉलेजच्या ऑफिसात बसून भरून घ्या. फोनवर होत नाही ते समोर बसून होतं.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. नोंदणी माहेरच्या नावाने, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्ट सासरच्या नावाने, मधलं नाव नवऱ्याचं. इथल्या कार्यालयाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि लागल्यास नावबदलाचं राजपत्र पहिल्याच अर्जासोबत जोडा. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव आणि परीक्षेसाठी आलेल्या परवानगी-पत्रावरचं नाव जुळलं नाही, तर आत घेत नाहीत आणि 200 डॉलर फी बुडते.

कॉम्पॅक्टचा फायदा आणि त्याची मर्यादा

चाळीसहून अधिक राज्यांनी नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट हा करार केला आहे. तुमचं कायमचं राहण्याचं राज्य त्यात असेल आणि तुम्ही सगळ्या सदस्य राज्यांना समान असलेल्या अटी पूर्ण करत असाल, तर एका परवान्यावर बाकीच्या सदस्य राज्यांतही काम करता येतं. टेक्सस, न्यू जर्सी, नॉर्थ कॅरोलायना त्यात आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय नाहीत. बहुराज्य परवान्याला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. कामाची परवानगी नसलेल्या एच-४ वाल्यांकडे तो नसतो, तेव्हा त्यांनी फक्त एका राज्याचा परवाना कुठे मिळेल ते पाहावं. हा नंबर न मागणारी राज्यं आहेत, न्यूयॉर्क त्यातलंच.

घर बदललं की मात्र वेगळं. 2 जानेवारी 2024 पासून, एका सदस्य राज्यातून दुसऱ्यात राहायला गेल्यावर 60 दिवसांत नव्या राज्यात अर्ज करायचा असतो. त्या अर्जात शिक्षण पुन्हा तपासलं जातं. म्हणून 'कॉम्पॅक्टचा परवाना आहे, आता कुठेही जाऊ' असं गृहीत धरू नका, विशेषतः पदवी दूरशिक्षणाची असेल तर.

नवा कोर्स करायचाच असेल तर

जुलै 2020 पासूनच्या केंद्रीय नियमानुसार, परवान्याकडे नेणारा कोर्स चालवणाऱ्या शाळेला तो कोणत्या राज्याच्या शैक्षणिक अटी पूर्ण करतो आणि कोणत्या करत नाही, अशी यादी जाहीर करावी लागते. शाळेच्या वेबसाइटवर ती 'प्रोफेशनल लायसेन्शर' या शीर्षकाखाली सापडते. आधी 'ठरवलेलं नाही' असा तिसरा रकानाही नियमात होता; यादीत तो अजून दिसला आणि त्यात तुमचं राज्य असेल, किंवा तुमचं राज्य यादीतच नसेल, तर त्याचा अर्थ 'नाही' असाच धरा. प्रवेश समुपदेशकाचं फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून कामाला येत नाही.

मग बोर्डाला स्वतः ईमेल करा. शाळेचं पूर्ण नाव, कॅम्पसचं शहर आणि राज्य, कोर्सचं नेमकं नाव, प्रवेशाचा महिना लिहा आणि चार गोष्टी विचारा: या कोर्सचा पदवीधर परीक्षेने परवान्यासाठी पात्र आहे का, दुसऱ्या राज्यातून एंडॉर्समेंटने आला तर पात्र आहे का, थेट रुग्णसेवेचे किमान किती तास लागतात, सिम्युलेशनचे (रुग्णाऐवजी पुतळ्यावर किंवा संगणकावर केलेल्या सरावाचे) तास धरता का, किती. पहिला आणि दुसरा प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण उत्तरंही वेगळी येऊ शकतात. हाच ईमेल पुढे जाण्याची शक्यता असलेल्या राज्यालाही पाठवा. उत्तर पीडीएफ करून ठेवा. प्रवेशाच्या तारखेचा नियम सगळ्यात महत्त्वाचा असतो, म्हणून ती तारीख उत्तरात आली पाहिजे.

मान्यता दोन प्रकारची असते, तीही गोंधळ उडवते. एसीईएन किंवा सीसीएनई या संस्था देतात ती नर्सिंग कोर्सच्या दर्जाची मान्यता. राज्याच्या बोर्डाची मंजुरी वेगळी. एक आहे म्हणून दुसरी आहे असं होत नाही. एक्सेल्सियरच्या कोर्सला पहिल्या प्रकारची मान्यता होती, तरी कॅलिफोर्नियात तो अडला.

प्रात्यक्षिकाची जागा कोण शोधून देणार, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. 'विद्यार्थ्याने स्वतः प्रिसेप्टर शोधावा' अशी अट असेल, तर नवख्या माणसाने त्या कोर्सच्या वाटेला जाऊ नये. हॉस्पिटलं आधी स्थानिक कॉलेजांशी बांधलेली असतात, बाहेरच्या विद्यार्थ्याला उभं करत नाहीत आणि सगळा अभ्यास होऊनही पदवी लटकते. शिवाय तुमच्या राज्यात विद्यार्थी ठेवायची त्या शाळेला तिथल्या बोर्डाची परवानगी आहे का तेही विचारा. वॉशिंग्टनसारखी राज्यं ती वेगळी मागतात.

जागा मिळाली की आरोग्याची कागदपत्रं लागतात: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची रक्तातली अँटीबॉडी चाचणी, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (हृदय किंवा श्वास बंद पडल्यावरच्या तातडीच्या मदतीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट. टीबीच्या बाबतीत सावध राहा. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेलं असतं, त्यामुळे त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र यात आठवडे जातात. आधीच सांगून क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची चाचणी करून घ्या. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

'काही आठवड्यांत डिप्लोमा, क्लिनिकलची काळजी करू नका' असं कोणी म्हणालं, तर तिथून निघा. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांनी 7,600 हून अधिक बनावट नर्सिंग डिप्लोमे विकल्याचं केंद्रीय तपासात उघड झालं. ज्यांनी ते घेतले त्यांच्या परवान्यांवर अनेक राज्यांनी कारवाई केली. तेव्हापासून ओळखीच्या नसलेल्या शाळेचा अर्ज बोर्डं अधिक बारकाईने पाहतात, म्हणून प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक पाळीची तारीख, विभाग, तास आणि शिक्षकाची सही असलेली नोंद स्वतःजवळ ठेवा. शाळा बंद पडली तर तीच कामाला येते.

आणि परवाना म्हणजे कामाची परवानगी नव्हे. एच-४ वर शिकता येतं, परीक्षा देता येते, परवानाही काढता येतो, पण पगारी काम सहसा जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर होऊन तुमचं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं, कार्ड हातात आल्यावरच. ग्रीन कार्डसाठी नर्स म्हणून स्वतंत्र अर्ज करायचा तर व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र (शिक्षण, परवाना आणि इंग्रजी तपासल्याचं) लागतं, ते पाच वर्षं चालतं. भारतीयांसाठी ईबी-३ ची, म्हणजे नर्स ज्या ग्रीन कार्ड श्रेणीत येतात तिची, रांग त्याहून लांब आहे, तेव्हा त्याच्या नूतनीकरणाची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका.