आधी दाणापाणी तोडा, मग फवारा

"ताई, किडे झालेत, काय मारू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कसले किडे, कुठे आणि दिवसा दिसतात की रात्री? गव्हातले सोंडे, मोरीतली झुरळं आणि वांग्यावरचा मावा यांना एकच औषध चालत नाही, मग ते दुकानातलं असो की स्वयंपाकघरातलं. मिरजेत आमचं बैठं घर आहे, मागे परसात वांगी, मिरची, दोडक्याचा वेल, जास्वंद. शिवाय दोन मांजरं, जी सगळीकडे तोंड घालतात. त्यामुळे विषारी पावडरी आमच्याकडे येतच नाहीत.

सुरुवात धान्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरताना कडक ऊन दोन-तीन दिवस द्यायचं, थर पातळ ठेवायचा, दुपारी हात फिरवायचा. दाणा दाताखाली कट्कन फुटला की वाळला. मऊ लागला तर आत ओल आहे आणि ओल म्हणजे किडीला आमंत्रण. संध्याकाळी गहू गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर झाकणाला आतून पाणी धरतं. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातून महिना-दीड महिन्याने सोंडे निघतात आणि आपण डब्याला बोल लावतो.

उन्हानंतर एरंडेल. किलोला एक छोटा चमचा, तळहाताला लावून गव्हाला चोळायचं, दाणे नुसते चकाकले पाहिजेत. तेलाच्या पापुद्र्यामुळे किडीला दाण्यावर नीट वावरता येत नाही, अंडी गुदमरतात. पोळीला वास येत नाही, ही शंका सगळ्यांना असते म्हणून सांगितलं. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका. तो तडकतो आणि भात शिजवताना कण्या होतात. तांदूळ सावलीत पसरून, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला घालून भरावा. पाला पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला डब्यात घालणं म्हणजे आपल्याच हाताने बुरशी लावणं. आणि एक स्पष्ट सांगते, पाल्याने बाहेरची कीड थोडी लांब राहते, दाण्याच्या आत बसलेली मरत नाही.

मूग, मटकी, चवळी यांच्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्यांची अंडी, दाण्याला चिकटवलेली. अख्ख्या कडधान्यात ही कीड जास्त, डाळीत कमी, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी डाळ करूनच ठेवावी. अख्खं ठेवायचं तर राखेत घोळून ठेवा. ज्यांच्याकडे अजून बंब पेटतो त्यांना राखेची चिंता नाही. फक्त ती लाकडाची, चाळलेली आणि कोरडी हवी. बंबात प्लॅस्टिक, रंगवलेली फळकुटं घालत असाल तर ती राख धान्याला लावू नका. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते, किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि तो कोरडा पडून मरतो. वर दोन बोटं राखेचा थर आणि घट्ट झाकण. शिजवायच्या वेळी धुतलं की झालं. रवा, मैद्याला जाळी धरते ती बारीक पतंगासारख्या पाखराच्या अळ्यांमुळे. आणल्यावर पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कोरड्या बरणीत.

जुन्या लोकांच्या सगळ्या गोष्टी मी आंधळेपणाने घेत नाही. आमच्या सासूबाई कणगीत बिब्बे टाकत. बिब्बा उतला की काय होतं ते ज्याला उतलाय त्याला विचारा, कातडीवर फोड येतात. लहान मुलं धान्यात हात घालत असतील तर नकोच. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या टिकड्या तर अजिबात नकोत. पारा तो पाराच, गव्हात ठेवल्याने औषधी होत नाही.

स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग दिसली की लोक हळदीची रेघ ओढतात. मुंग्या थोडा वेळ थबकतात आणि वळसा घालून जातात. त्यापेक्षा रांग कुठून येते ते शोधा, साबणाच्या पाण्याने सगळी वाट पुसून काढा म्हणजे मागच्यांना वास लागत नाही आणि भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत उत्तम आहे, पण ते पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर मुंग्या थांबवून डास पाळाल. बाजारात मिळणारा मुंग्यांचा खडू हा खडू नसतो, त्यात कीटकनाशक असतं.

घरात झुरळं मुख्यतः दोन जातींची दिसतात. मोठं तपकिरी-लालसर गटारातून येतं. त्याला मोरीच्या तोंडावर बारीक जाळी आणि रात्री झाकण एवढं पुरतं. लहान, पिवळट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ घरातच राहतं, फ्रिजच्या रबरात, मिक्सरच्या बुडाशी, ओट्याखालच्या फटीत. ते येतं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. किराण्याचं खोकं दारातच रिकामं करा. त्याच्या अंड्यांच्या एका पिशवीतून तीस-चाळीस पिलं निघतात, त्यामुळे आज दोन मारली म्हणजे काम झालं असं नाही. रात्री बेसिन आणि ओटा कोरडा पुसून ठेवा. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून ते फार टिकत नाही. उभ्या काचेच्या बरणीत केळ्याची साल टाका, बरणीच्या गळ्याला आतून तेलाचा हात लावा आणि बाहेरून कागद चिकटवा म्हणजे झुरळाला चढता येईल. सकाळी बरणी साबणाच्या पाण्यात उपडी करा. बोरिक पावडरच्या गोळ्या चालतात हे खरं, पण तेही रसायनच आणि आमच्याकडे मांजरं आहेत.

पालीसाठी अंड्याची टरफलं लटकवणाऱ्यांना मी काही बोलत नाही. पाल त्यांच्या शेजारून जाते. ती किडे खाते, तिला राहू द्या.

डासांसाठी घरात एक कोरडा वार ठरवा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी झाली की साखळी तुटते. नुसती ओतू नका, काठ घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या हमखास राहून जातात. हौद उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडा.

आता परस. वांग्या-मिरचीच्या शेंड्यावर मावा दिसला की आधी बघा, मुंग्या वर चढताहेत का. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्याला (लेडीबर्डला) फिरकू देत नाहीत. म्हणून खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळा, मुंग्या तुटल्या की निम्मं काम ढालकिडे करतात. त्यांच्या अळ्या ओळखायला शिका. काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्याशा मगरीसारख्या दिसतात, म्हणून लोक त्याच चिरडतात. उरलेला मावा सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पानांच्या खालून झाडून काढा. मित्रकिड्यांची ताकद किती असते ते पपईवाल्यांना विचारा. 2008 च्या सुमारास पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड, भारतात आला, बागा पांढऱ्या पडल्या आणि 2010 मध्ये बाहेरून आणलेल्या इवल्या परजीवी गांधीलमाश्यांनी तो आटोक्यात आणला. आपल्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरे.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. वरून फवारून तिच्यापर्यंत काही पोचत नाही. शेंडा वाळलेल्या भागाच्या खाली बोटभर अंतरावर कापा आणि बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवा. खताच्या खड्ड्यात टाकू नका. दोडक्याला फळमाशी लागते, तिथे कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधणं हाच खात्रीचा उपाय. पडकी फळं रोज उचलायची, कारण अळी त्यातून मातीत उतरते. पावसाळ्यात शंखी गोगलगायी येतात. रात्री गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखाली जमतात. हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका.

फवारायचंच असेल तर निंबोळी. जून-जुलैत पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन बिया सावलीत वाळवा. लिटरला पन्नास ग्रॅम बी कुटून फडक्यात बांधून रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवायची. पाणी गरम नको. सकाळी पिळून, गाळून झाकून ठेवा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, शिवाय संध्याकाळी मधमाश्या परतलेल्या असतात. लिटरला अर्धा चमचा अंगाचा साबण किसून घाला म्हणजे पानाला चिकटतं. कपड्यांच्या पावडरीने पानं करपतात. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. निंबोळीने कीड जागच्या जागी मरत नाही, तिचं खाणं सुटतं, कात टाकणं अडतं. लगेच काही दिसलं नाही म्हणून दुप्पट मारू नका, चार-पाच दिवस थांबा आणि गरज वाटली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

तंबाखूचं पाणी मी मारत नाही, कुणी कितीही सांगो. निकोटीन झाडातून आलं म्हणून विष नाही असं होत नाही, ते मांजरालाही बाधतं आणि माणसालाही. शिवाय तंबाखूतून मोझॅक नावाचा विषाणू टोमॅटो-मिरचीला लागतो, पानं आखडतात आणि रोप कायमचं बसतं. आमच्याकडे झाडांभोवती आळी करायला येणारे मामा कामाआधी तंबाखू मळतात. त्यांना मी चहा नंतर देते, आधी साबण. हात धुतल्याशिवाय मिरचीच्या रोपाला हात नाही.