जुन्या पेट्रोल-इंजेक्शनच्या गाडीचं दुखणं शोधताना

माझी गाडी एकदा सिग्नलला उभी राहिली की हुंदके द्यायची. आरपीएमचा काटा सातशेवरून बाराशेला, परत खाली, आणि कधी कधी बंदच. मी प्लग बदलले, मग प्लगच्या वायरी, मग इग्निशन कॉइल. काही महिने यातच गेले. शेवटी दोष निघाला इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांच्या) मागच्या बाजूच्या बोटभर रबरी नळीत. तिला खालून चीर गेली होती आणि ती फक्त आरशात दिसत होती. तेव्हापासून मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात वही-पेनाने करा. गाडी नेमकी कधी त्रास देते? सकाळी थंड असताना की तापल्यावर? आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, की चढावर? निम्मं निदान या उत्तरांतच असतं. फक्त आयडलिंगला बिघडते आणि रेस दिली की सुधारते, तर आधी हवेची गळती शोधा. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, आत जाणारी हवा अगदी थोडी असते, म्हणून चोरवाटेने शिरलेली हवा तिथे जास्त जाणवते. तीच गळती वेगात कळतसुद्धा नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा. एअर फ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ही हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन थरथरतं. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत तिथला दाब वाढलेला दिसतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो आणि आयडलिंगच चढतं. एकाच चिरेची दोन वेगळी लक्षणं!

शोधायचं कसं? इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डला जोडलेली एकेक व्हॅक्यूम नळी पक्कडीत फडकं धरून हलकेच दाबा. आवाज बदलला तर त्या नळीच्या पुढे कुठेतरी गळती असू शकते. सांध्यांवर थोडं पाणी फवारलं तर चीर क्षणभर बुजते आणि इंजिनचा सूर बदलतो. कॉइल आणि वायरींवर मात्र पाणी जाऊ देऊ नका. बरेच जण कार्ब क्लीनरचा (कार्बन साफ करायच्या द्रावणाचा) स्प्रे मारतात. गरम एक्झॉस्टशेजारी तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी वापरत नाही. नळ्या ठीक निघाल्या तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सोडणारा) यांवरचा कार्बन साफ करा.

गरम झाल्यावर चालू व्हायला कुरकुर, प्लग काळेकुट्ट, पेट्रोल जास्त पितेय? मग कूलंट टेंपरेचर सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान ईसीयूला सांगणारा) तपासा. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर दाखवतो म्हणून याला सोडून देऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. ईसीयूला इंजिन कायम थंड वाटलं तर तो पेट्रोल ओततच राहतो. कनेक्टर काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स घ्या: 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओहम, 80 अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. गाडीला स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लागत असेल तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी सेल्फ मारण्याआधी कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखे हवेत.

चढावर दम टाकते, पिकअप घेत नाही, तर पेट्रोलकडे वळा. चावी फिरवल्यावर पंपाची घरघर दोनेक सेकंद ऐकू यायला हवी. मल्टिपॉइंट (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत गेज लावून दाब बहुधा अडीच ते तीन बार येतो. रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढली की तो थोडा वाढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोल सापडलं, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो.

तापल्यावर अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर काही घडलंच नाही अशी चालू होते, तेव्हा संशय क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं ईसीयूला कळवणारा) किंवा पेट्रोल पंपाच्या रिलेवर (पंपाला वीज देणारा स्विच). तपासणी ती बंद पडलेली असतानाच करायची: स्पार्क येतोय का, पंप वाजतोय का.

अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची इंजिन-बॉडीशी जोडणी, कुणी बघत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मल्टिमीटर धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढा, घासा, घट्ट बसवा. सेन्सरचे कितीतरी खोटे दोष यातच संपतात.

एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर आयडलिंगला इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. प्लगची वायर काढून ही परीक्षा घेऊ नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदलून पाहा, नंतर इंजेक्टर. दोष सोबत गेला तर पार्ट सापडला. जागचा हलला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) गेजने मोजा. कमी आलं तर चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून परत घ्या: वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) यात दोष.