तोंडातला गंज मोजताना: नव्यांसाठी थोडं अनुभवाचं

दातांच्या कॅपसाठी वापरतात त्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूवर मी काम सुरू केलं. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर धातूला झाकतो, म्हणून तो सहसा गंजत नाही, असं पाठ होतं. पण नमुना द्रावणात बुडवून व्होल्टेज वाढवत काढलेल्या माझ्या प्रत्येक आलेखात कमी व्होल्टेजलाच करंट उसळी मारायचा, म्हणजे गंज सुरू व्हायचा. तीन आठवडे मी मिश्रधातूलाच दोष देत होतो.

मग एका सीनियरने नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधला भाग आरशासारखा. गंज होता फक्त कडेला, नमुना बसवायची (माउंटिंगची) इपॉक्सी राळ आणि धातू भेटतात तिथल्या केसाएवढ्या फटीत. अशा फटीत ऑक्सिजन पोहोचत नाही, क्लोराइड साठतं, आम्ल वाढतं आणि थर फुटतो. मी धातू नव्हे, माझं माउंटिंग मोजत होतो! तेव्हापासून कडेला लॅकरचा हात फिरवल्याशिवाय नमुना द्रावणात जात नाही. (घाईत नेलपॉलिशही चालतं, लाजू नका.) गंमत म्हणजे तोंडातही गंज अशाच जागा शोधतो: कॅपच्या कडेखाली, दातावरच्या किटणाखाली.

दुसरी घाई पोटेन्शिओस्टॅटवर (व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्रावर) होते. नमुना बुडवला की पाच मिनिटांत स्कॅन लावू नका. आधी द्रावणात धातूचं स्वतःचं पोटेन्शियल (व्होल्टेज) स्थिर होऊ द्या. माझा तास-दोन तास तरी जातो.

बुडवून ठेवायची चाचणी त्यामानाने सोपी. आयएसओ १०२७१ या दातांच्या धातूंच्या गंज-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ०.१ मोलर लॅक्टिक आम्ल आणि ०.१ मोलर मीठ, ३७ अंश सेल्सिअस, ७ दिवस. मग द्रावणात धातूचे किती आयन (विद्युतभारित कण) उतरले ते मोजायचं. द्रावणाचा पीएच २.३ च्या आसपास असतो. इतकी आंबट लाळ कुणाची, असं मीही विचारलं होतं. लाळ नसतेच तशी. पण किटणातले जिवाणू लॅक्टिक आम्लच बनवतात, आणि ही चाचणी मुद्दाम कडक ठेवलेली आहे. आयएसओ २२६७४ या दातांच्या धातूंच्या मानकात उतरलेल्या आयनांची ७ दिवसांची मर्यादा आहे दर चौरस सेंटिमीटरला २०० मायक्रोग्रॅम. म्हणून नमुन्याचं क्षेत्रफळ नीट मोजा, बाजू आणि पाठ धरून. मी एकदा पाठ विसरलो आणि आकडा जवळजवळ दुप्पट आला.

शेवटचं, नमुना ओतीव घ्या आणि पोर्सिलेन भाजताना बसते तशी उष्णता देऊन मगच तपासा. भट्टीतून आलेल्या धातूचा वरचा थर बदललेला असतो, आणि रुग्णाच्या तोंडात जातो तो तसाच भाजलेला धातू.