राणी पाकोळीसाठी आधी पानं लावा

राणी पाकोळी, म्हणजे ते मोठं काळं-निळं फुलपाखरू, परसात येते आणि भुर्रकन निघून जाते, अशी तक्रार आमच्या सावंतवाडीकडे बरेच जण करतात. जास्वंद, एक्झोरा लावलं की मधासाठी ती येणारच. पण तिने इथे अंडी घालावीत असं वाटत असेल, तर फुलांआधी पानांचं बघा.

तिच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. सह्याद्रीच्या रानात माकडलिंबू आणि किरमिरा, घराजवळ पपनस किंवा साधं लिंबू. मिळालं तर माकडलिंबूच लावा, ते इथलंच झाड आहे. नाहीतर पपनस, त्याचं पान मोठं, अळीला पुरून उरतं. पाऊस नीट लागला की रोप लावा, अर्धी सावली चालते. विकत आणलेल्या रोपावर अनेकदा फवारणी झालेली असते, म्हणून भरपूर नवी पालवी येईपर्यंत त्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकून ठेवा. नंतर त्या झाडावर कसलंच औषध मारायचं नाही.

आता रोज सकाळी पानं बघायची. अंडं मोहरीपेक्षा किंचित मोठं, गोल, पानावर एकटंच चिकटवलेलं. त्यातून निघालेली अळी आधी अंड्याचं कवच खाते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि लोक नेमकी तीच घाण समजून पुसून टाकतात. कृपा करून पुसू नका! मोठी झाली की ती हिरवी होते. पुढच्या फुगीर भागावर दोन डोळे दिसतात ते खोटे. खरं डोकं त्यांच्या खाली, बारीकसं असतं. तिला डिवचलं तर मानेतून दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तेवढ्यासाठी तिला छळू नये.

बरणीत अळी पाळणं मला पटत नाही. झाडावर बुलबुल काही अळ्या नेतील, गांधीलमाश्याही नेतील. नेऊ देत. आपण खाणं वाढवायचं, म्हणजे झाडं दोन-तीन ठेवायची.

कोष पानासारखा हिरवा किंवा काटकीसारखा तपकिरी असतो, कमरेला रेशमाचा धागा. तो काळपट होऊन आतले पंख दिसू लागले की फुलपाखरू निघायला आलं. बाहेर पडल्यावर ते ओले, चुरगळलेले पंख खाली सोडून लटकतं. त्या वेळी बोटही लावू नका, पंख वाळायचे असतात. वाळल्यावर काळ्या मखमलीवर ती फिकट निळाई उघडते, पंखांचा पसारा बारा ते पंधरा सेंटिमीटर. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलं ते हेच.

नर पाहायचे असतील तर ओढ्याकाठच्या ओल्या मातीकडे जा. क्षार शोषायला ते तिथे बसतात, आणि हळूहळू गेलात तर अगदी जवळून बघू देतात.